गुणवंतांची यादी आणि शाळेची थोरवी

सन 1912 मध्यें मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेचा निकाल लागला, तेव्हां एल्फिन्स्टन हायस्कूलचा एक विद्यार्थी सर्व उमेदवारांत पहिला आला आणि संस्कृतांतील प्रावीण्याबद्दलची पहिली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तिही त्यालाच मिळाली. त्या विद्यार्थ्याचें नांव चिंतामण द्वारकानाथ देशमुख. पुढें रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर आणि नंतर स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री म्हणून त्यांची कीर्ति सर्वत्र झाली. शंकरशेट शिष्यवृत्ति नांवाला विद्यार्थ्याची असली तरी तिचा मान शाळा आपलाच समजे; आणि ज्या शाळेच्या पदरांत ती वारंवार पडे, त्या शाळेंत मुलाचें नांव घालावें असें सुशिक्षित घरांतील वडील माणसांना वाटे.

परंतु याच उदाहरणांत एक प्रश्न दडलेला आहे. देशमुखांचा जन्म महाडजवळच्या नाते गांवचा, त्यांचें बाळपण कोंकणांत गेलेलें आणि वडील वकील. अशा मुलाच्या यशाचें श्रेय मुंबईच्या हायस्कुलाला किती द्यावें, कोंकणांतल्या पहिल्या गुरुजींना किती, घरच्या संस्कारांना किती आणि मुलाच्या स्वतःच्या बुद्धीला किती? निकालाच्या आंकड्यांत हें वांटप लिहिलेलें नसतें. शिष्यवृत्तींच्या संख्येवरून शाळांची प्रतवारी लावणें कितपत न्याय्य आहे, हा वाद म्हणूनच जुना आहे. त्या वादाचा सर्वांत विस्तृत प्रयोग मात्र आपल्याकडे झाला नाहीं; तो अमेरिकेंत झाला, आणि त्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

अमेरिकेंत सर्व देशासाठीं शालान्त परीक्षा घेणारें एकच विद्यापीठ किंवा मंडळ नाहीं. प्रत्येक राज्याचा कारभार वेगळा, प्रत्येक गांवच्या शाळासमितीचा अभ्यासक्रम वेगळा आणि गुण देण्याची पद्धतही वेगळी. तेव्हां ओहायोमधील एखाद्या खेड्यांतला मुलगा आणि बोस्टनमधील मुलगा यांची तुलना कशी करावी, ही अडचण कॉलेजांना फार दिवस भेडसावीत होती. ती दूर करण्यासाठीं सर्वांना एकाच मापानें मोजणारी चाचणी निघाली. पहिल्या महायुद्धांत सैनिकांसाठीं वापरलेल्या बुद्धिमापन-कसोट्यांच्या धर्तीवर प्रिन्स्टनचे प्राध्यापक कार्ल ब्रिगॅम यांनीं ती रचिली. 23 जून 1926 रोजीं कॉलेज बोर्डानें ती प्रथम घेतली, तेव्हां सुमारे आठ हजार उमेदवार बसले होते. हीच पुढें ‘एस.ए.टी.’ या तीन अक्षरांनीं जगभर प्रसिद्धीस आली.

हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स ब्रायन्ट कोनन्ट यांनीं 1934 मध्यें दूरच्या प्रांतांतील होतकरू मुलांसाठीं राष्ट्रीय शिष्यवृत्त्या सुरू केल्या आणि त्यांची निवड करतांना या चाचणीचा आधार घेतला. श्रीमंतांच्या ठराविक खाजगी शाळांतून येणाऱ्या मुलांनींच कॉलेज भरून जाऊं नये, गुण जेथें असेल तेथून तो शोधून आणावा, हा त्यांतील हेतु. हेतु उदार होता यांत शंका नाहीं, आणि पुढील सर्व कथेचा उगम याच उदार हेतूंत आहे हें विसरतां कामा नये.

दुसऱ्या महायुद्धानंतर हाच विचार राष्ट्रव्यापी झाला. सन 1955 मध्यें ‘नॅशनल मेरिट स्कॉलरशिप कॉर्पोरेशन’ ही संस्था स्थापन झाली. फोर्ड फाउंडेशननें तिला 2 कोटी डॉलर दिले आणि कार्नेगी कॉर्पोरेशननें 5 लक्ष डॉलरांची भर घातली. देशांतील हायस्कुलांमधून एकच चाचणी घ्यावयाची, तींतून उत्तम विद्यार्थी निवडावयाचे आणि त्यांना कॉलेजच्या शिक्षणासाठीं मदत मिळवून द्यावयाची, असें तिचें कार्य होतें. पहिल्या शिष्यवृत्त्या 1956 मध्यें दिल्या गेल्या. पुढच्याच वर्षीं रशियानें ‘स्पुटनिक’ आकाशांत सोडला. आपलीं मुलें मागें पडलीं कीं काय, ही धास्ती साऱ्या अमेरिकेला बसली आणि बुद्धिमान विद्यार्थ्यांचा शोध हा राष्ट्ररक्षणाचा विषय होऊन बसला. खेळांतील विजयांप्रमाणें शाळेच्या गुणवंतांची संख्याही आतां गांवच्या अभिमानाची बाब होऊं लागली.

या निवडीची रीत समजून घेतल्यावांचून पुढील वाद उमगणार नाहीं. हायस्कुलांत अकराव्या इयत्तेंत, ऑक्टोबरच्या सुमारास, विद्यार्थी ‘पी.एस.ए.टी.’ नांवाची चाचणी देतात. 1971 पासून हीच या शिष्यवृत्तीची प्रवेशचाचणी आहे. वाचन-लेखनाचे गुण दुप्पट धरून त्यांत गणिताचे गुण मिळवितात, आणि त्यावरून जो निवडांक निघतो तो अधिकांत अधिक 228 असतो. दरवर्षीं तेरा लाखांच्या आसपास विद्यार्थी या स्पर्धेंत उतरतात. त्यांपैकीं सुमारे 50 हजारांची दखल घेतली जाते. त्यांतील दोन-तृतीयांशांना केवळ प्रशंसापत्र मिळतें. उरलेले सुमारे 16 हजार ‘सेमिफायनलिस्ट’ ठरतात. आपण त्यांना उपांत्य यादींतील विद्यार्थी म्हणूं. त्यांतून शाळेचे गुण, शिफारसपत्र आणि निबंध पाहून सुमारे 15 हजार अंतिम यादींत जातात, आणि प्रत्यक्ष शिष्यवृत्ति सात हजारांच्या आसपास विद्यार्थ्यांच्या वांट्यास येते.

उपांत्य यादी सप्टेंबरांत जाहीर होते. त्या दिवशीं गांवोगांवचीं वृत्तपत्रें शाळावार नांवें छापतात. कोणत्या शाळेचे किती, याची मोजणी घरोघर होते. मोठ्या शाळा ती संख्या अभिमानानें मिरवितात. घरें विकणारे दलालही चांगल्या शाळांच्या हद्दींतील घर म्हणून किंमत वाढवून सांगतात, कारण अमेरिकेंत सरकारी शाळेंतील प्रवेश बहुधा राहत्या घराच्या पत्त्यावर अवलंबून असतो. आईबापांनीं आयुष्याची पुंजी ओतून घर घ्यावें तें कोठें, हा निर्णय कित्येकदां अशा आंकड्यांवर होतो. म्हणून हे आंकडे खरोखर काय सांगतात, हें पाहणें अगत्याचें आहे.

पहिली गोष्ट अशी कीं, ही यादी साऱ्या देशाची एकच नसून ती राज्यवार असते. प्रत्येक राज्यांतून दरवर्षीं हायस्कूल पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रमाणांत त्या राज्याला जागा वांटून दिल्या जातात. देशाच्या कानाकोपऱ्यांतील मुलांना संधि मिळावी, हा त्यांतील स्तुत्य हेतु. परंतु त्यामुळें प्रत्येक राज्याचा सीमांक निराळा होतो. 2024 सालीं हायस्कूल पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वेळीं वेस्ट व्हर्जिनियासारख्या राज्यांत 207 गुणांवर जागा मिळाली, तर न्यू जर्सींत 223 गुण लागले. आतां समजा, दोन मुलींना प्रत्येकी 215 गुण मिळाले. एक वेस्ट व्हर्जिनियांतील, दुसरी न्यू जर्सींतील. पहिलीचें नांव वर्तमानपत्रांत झळकलें आणि तिच्या शाळेच्या खात्यावर एक आंकडा चढला. दुसरीच्या हातीं प्रशंसापत्र आलें आणि तिची शाळा कोरीच राहिली. दोघींचें ज्ञान तेंच, गुणही तेच. वेगळी होती ती केवळ राज्याची सीमा. तेव्हां दोन राज्यांतील शाळांची या संख्येवरून तुलना करणें म्हणजे वेगवेगळ्या मापांनीं धान्य मोजून कोणाचें पोतें मोठें हें ठरविण्यासारखें आहे.

दुसरी गोष्ट संख्येच्या लहानपणाची. उपांत्य यादींत पोंचणारे विद्यार्थी त्या वर्षीं हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांत शंभरांत एकही भरत नाहींत. एखाद्या मध्यम आकाराच्या शाळेंत एका वर्षीं चार मुलें यादींत आलीं आणि दुसऱ्या वर्षीं एकच आलें, तर शाळा बुडाली असें होत नाहीं. एका सकाळीं एखाद्या मुलाला पडसें झालें, दोन प्रश्न चुकले, आणि तो सीमांकाच्या एका गुणानें खालीं राहिला, एवढेंच कदाचित् झालें असेल. शिवाय उरलेल्या नव्याण्णव मुलांना शाळेनें काय शिकविलें, याबद्दल ही यादी एक अक्षरही बोलत नाहीं. मंद विद्यार्थ्याला उभें करणारा शिक्षक या मोजणींत कधींच दिसत नाहीं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिचा शोध लावण्यांत खुद्द या शिष्यवृत्ति-संस्थेच्या संशोधकांचाच मोठा वांटा आहे, ही इतिहासाची गंमत होय. त्या काळीं कोणत्या कॉलेजांतून किती शास्त्रज्ञ निघाले याची मोजणी करून कॉलेजांची थोरवी ठरविण्याची प्रथा पडत होती. नॅप आणि गुडरिच यांचा तशा मोजणीचा ग्रंथ 1952 मध्यें प्रसिद्ध झाला होता. संस्थेचे संशोधक जॉन हॉलंड यांनीं 1957 मध्यें आणि त्यांच्यामागून अलेक्झांडर ॲस्टिन यांनीं 1960 नंतरच्या वर्षांत त्याच आंकड्यांकडे वेगळ्या नजरेनें पाहिलें. कॉलेजांतून बाहेर पडणारे विद्वान मोजण्यापूर्वीं, त्या कॉलेजांत आधीं प्रवेश कोणी घेतला होता हें त्यांनीं विचारलें. तेव्हां असें आढळलें कीं, ज्या ठिकाणीं मुळांतच हुशार विद्यार्थी दाखल होतात, तेथून हुशार विद्यार्थीच बाहेर पडतात, आणि ज्याला आपण संस्थेचें कर्तृत्व म्हणतों त्यांतील पुष्कळसा भाग प्रवेशाच्या वेळींच ठरलेला असतो. 1966 मध्यें जेम्स कोलमन यांनीं सुमारे चार हजार शाळांची पाहणी करून सरकारला जो अहवाल सादर केला, त्यांतही हेंच निराळ्या शब्दांत आलें. शाळाशाळांमधील साधनसामग्रीच्या फरकापेक्षां मुलाच्या घरची स्थिति आणि सोबतच्या विद्यार्थ्यांची स्थिति यांचा त्याच्या गुणांशीं अधिक निकटचा संबंध दिसून आला.

या सिद्धान्ताची प्रचीति अलीकडे एका प्रख्यात शाळेनें आणून दिली. व्हर्जिनिया राज्यांतील फेअरफॅक्स कौंटींत ‘टॉमस जेफर्सन हायस्कूल फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजी’ ही सरकारी शाळा 1985 मध्यें सुरू झाली. प्रवेशपरीक्षेनें निवडलेले विद्यार्थी, उत्तम प्रयोगशाळा आणि उपांत्य यादींत दरवर्षीं येणारी भली मोठी संख्या यांमुळें ती देशांतील अग्रगण्य शाळा गणली जाऊं लागली. भारतांतून तिकडे जाऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांना तिचें विशेष आकर्षण असे. 2020 मध्यें शाळासमितीनें प्रवेशपरीक्षा रद्द केली आणि कौंटींतील प्रत्येक माध्यमिक शाळेच्या वरच्या दीड टक्का विद्यार्थ्यांसाठीं जागा राखून ठेवल्या. पहिल्याच तुकडींत आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांचें प्रमाण 73 टक्क्यांवरून 54 टक्क्यांवर आलें. पालकांच्या संघटनेनें न्यायालयांत दाद मागितली. 2022 मध्यें जिल्हा न्यायालयानें पालकांच्या बाजूनें निकाल दिला, 2023 मध्यें अपील न्यायालयानें तो फिरविला आणि फेब्रुवारी 2024 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें प्रकरण हातीं घेण्यास नकार दिला.

त्याच वर्षींच्या सप्टेंबरांत, नव्या पद्धतीनें आलेल्या पहिल्या तुकडीची उपांत्य यादी जाहीर झाली. आदल्या वर्षाच्या मानानें शाळेची संख्या सुमारे निम्म्यावर घसरली होती. आतां शाळेची इमारत तीच, अभ्यासक्रम तोच आणि प्रयोगशाळाही त्याच होत्या. मग एका वर्षांत शाळा निम्मी वाईट झाली काय? नव्या पद्धतीचे विरोधक म्हणाले, पाहा, गुणवत्ता घसरली. समर्थक म्हणाले, एका चाचणीवरून शाळेची किंमत ठरत नाहीं. त्या वर्षीं व्हर्जिनियाचा सीमांकही वर गेला होता, आणि महामारीच्या काळांत त्या मुलांचें शिक्षण विस्कळित झालें होतें, हेंही लक्षांत घेतलें पाहिजे. परंतु वाद बाजूस ठेवला तरी एक गोष्ट दोन्ही पक्षांना नाकारतां येण्यासारखी नाहीं: दार बदललें, आणि आंकडा बदलला. म्हणजे इतकीं वर्षें ज्या संख्येला शाळेच्या अध्यापनाचें माप समजत होते, ती बऱ्याच अंशीं शाळेच्या प्रवेशद्वाराचें माप होती.

याच शाळेच्या संदर्भांत 2022 च्या अखेरीस आणखी एक प्रकरण गाजलें. प्रशंसापत्रें मिळविलेल्या विद्यार्थ्यांना तीं वेळेवर दिलीं गेलीं नाहींत, आणि कॉलेजप्रवेशाच्या पहिल्या अर्जांत त्या सन्मानाचा उल्लेख करावयाचा राहून गेला, अशी पालकांची तक्रार होती. जानेवारी 2023 मध्यें राज्याच्या ॲटर्नी जनरलनीं चौकशी आरंभिली. एका कागदाच्या तुकड्यासाठीं सरकारी चौकशी व्हावी, यावरून त्या कागदाला केवढें महत्त्व चढलें होतें याची कल्पना येते. आणि ज्या मुलांनीं तो कष्टानें मिळविला होता, त्यांची हळहळही समजण्यासारखी आहे.

मग उत्तम विद्यार्थ्यांच्या संगतींत राहिल्यानें मुलाचा कांहींच लाभ होत नाहीं काय? या प्रश्नाचाही शोध घेतला गेला आहे. अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक या तीन अर्थशास्त्रज्ञांनीं बोस्टन व न्यूयॉर्क येथील परीक्षेनें प्रवेश देणाऱ्या शाळांचा अभ्यास करून 2014 मध्यें आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रवेशपरीक्षेंत अगदीं थोड्या गुणांनीं आंत गेलेले आणि तितक्याच थोड्या गुणांनीं बाहेर राहिलेले, अशा विद्यार्थ्यांची त्यांनीं तुलना केली. दोघांची मूळची पात्रता जवळजवळ सारखीच होती. फरक एवढाच कीं, एकाला नामांकित शाळा मिळाली आणि दुसऱ्याला मिळाली नाहीं. पुढील चाचण्यांत या दोन गटांच्या गुणांत फारसा फरक आढळला नाहीं. जे पालक एका गुणानें प्रवेश हुकला म्हणून मुलाचें आयुष्य वायां गेलें असें समजतात, त्यांनीं हा निष्कर्ष मनाशीं जपून ठेवावा.

शिष्यवृत्ति देणाऱ्या संस्थेलाही आपल्या यादीचा हा उपयोग मान्य नाहीं. उपांत्य यादीच्या संख्येवरून शाळांची किंवा राज्यांची गुणवत्ता ठरविली तर चुकीचे निष्कर्ष निघतील, असा इशारा ती स्वतःच देत आली आहे. तराजू बनविणारा सांगतो कीं या तराजूनें सोनें तोला, लांबी मोजूं नका. तरीही लोक त्यानें लांबीच मोजीत बसतात. 2005 मध्यें कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्राध्यापकमंडळानें आणखी पुढें जाऊन, केवळ एका चाचणीच्या सीमांकावर विद्यार्थ्यांना गाळणारी ही पद्धतच सदोष मानली, आणि विद्यापीठाच्या शाखांनीं या योजनेसाठीं आपला पैसा देणें बंद केलें.

एवढ्यावरून ही योजना टाकाऊ होती असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. ज्या खेड्यांतील मुलाचें नांव त्याच्या जिल्ह्याबाहेर कोणाला ठाऊक नव्हतें, त्याच्याकडे दूरच्या कॉलेजांचें लक्ष या यादीमुळें गेलें. ज्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना चांगल्या शाळाच नाकारल्या गेल्या होत्या, त्यांच्यासाठीं 1964 मध्यें स्वतंत्र ‘नॅशनल अचीव्हमेंट’ योजना सुरू झाली आणि ती 2015 पर्यंत चालली. त्या योजनेमागें एक मूक कबुलीही होती: सर्वांना एकच प्रश्नपत्रिका दिली म्हणजे सर्वांना एकच संधि दिली असें होत नाहीं. व्यक्तीचा गुण शोधण्याचें साधन म्हणून ही चाचणी उपयोगी पडली. तींत दोष शिरला तो व्यक्तीच्या सन्मानांची बेरीज करून तिला संस्थेची किंमत मानल्यामुळें.

मग आईबापांनीं शाळा पाहावी तरी कशी? या इतिहासांतून निघणारें उत्तर साधें आहे. शाळेंतून किती गुणवंत बाहेर पडले हें अवश्य विचारावें. परंतु त्याच्या आधीं, त्या शाळेंत प्रवेश कोणाला मिळतो हें विचारावें. मुलगा दाखल झाला तेव्हां कोठें होता आणि बाहेर पडला तेव्हां कोठें पोंचला, या दोहोंमधील जें अंतर, तेवढेंच शाळेचें खरें कर्तृत्व. तें अंतर पहिल्या मुलापेक्षां शेवटच्या बांकावरील मुलाच्या बाबतींत अधिक स्पष्ट दिसतें. कारण पहिला मुलगा बहुधा कोणत्याही शाळेंत पहिला आला असता.

1912 च्या त्या निकालाकडे पुनः वळल्यास हेंच दिसून येतें. देशमुखांच्या यशांत एल्फिन्स्टन हायस्कुलाचा वांटा होताच, आणि त्या शाळेनें अभिमान बाळगला तर त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु ज्या कोंकणांत त्यांना प्रथम अक्षरओळख झाली, तेथील शाळेच्या भिंतीवर शंकरशेट शिष्यवृत्तीचा मान लागला नाहीं. मुलाला पाटीवर हात धरून पहिलें अक्षर गिरवावयास लावणारे पंतोजी आणि रात्रीं दिव्याशीं बसवून त्याचें पाठांतर घेणारीं घरचीं माणसें कोणत्याही यादींत मोजलीं जात नाहींत. यादी वाचतांना त्यांची आठवण ठेवली, म्हणजे यादीची योग्य ती किंमत आपोआप कळून येते.